पाकिटाचं डिझाइन लोगोपासून नको, पत्त्यापासून सुरू करा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत छोट्या धंद्यांच्या ब्रँडिंगवर लेख होता, लोगो कसा असावा, व्हिजिटिंग कार्ड कसं असावं, इन्स्टाग्रामचं पेज कसं सांभाळावं, सगळं छान लिहिलंय, पण पाकिटाचा विषय एका ओळीत उरकलाय की लेटरहेडचंच डिझाइन लहान करून पाकिटावर घ्या म्हणजे सगळं एकसारखं दिसतं. मी सांगलीत छोटा ऑफसेट प्रेस चालवतो, पतसंस्था, डॉक्टर, वकील, सीए, मार्केट यार्डातले हळद-बेदाण्याचे व्यापारी, यांच्या जॉबवर्कवर आमचं पोट आहे, आणि सोमवारी प्रेस उघडतोय तोच एक गिऱ्हाईक तो लेख मोबाइलवर दाखवत आलं, की असंच करून द्या. म्हणून हे पत्र. लेखकाशी भांडण काही नाही, पण ती ओळ वाचून लोक हजारांच्या हिशोबात पाकिटं छापून घेतील आणि मग वर्षभर त्यांच्यावर पत्ता लिहायला जागा शोधत बसतील.

लेटरहेड आणि पाकीट दिसायला भाऊ-भाऊ असले तरी कामं वेगळी आहेत हो. लेटरहेड डायरेक्ट वाचणाऱ्याच्या हातात जातं. पाकीट मात्र आधी तुमच्याच ऑफिसातला क्लार्क हाताळतो, मग पोस्टाच्या काउंटरवरची बाई, मग छाननीवाले, मग पोस्टमन नाहीतर कुरिअरचा पोरगा, सोसायटीचा वॉचमन, कधीकधी शेजारच्या काकू, आणि शेवटी ज्याचं त्याला मिळतं. ह्यातल्या कुणालाच तुमच्या लोगोशी देणंघेणं नाही, त्यांना पत्ता पाहिजे, तो पण एका नजरेत. पत्त्याला कोपऱ्यात ढकलून लोगो मधोमध घेणं म्हणजे लग्नात नवरदेवाला मांडवाबाहेर उभं करून बँडवाल्याला पाटावर बसवण्यासारखं आहे.

मी गिऱ्हाईकाला काय सांगतो, कॉम्प्युटर नंतर उघडू, आधी एक कोरं पाकीट घ्या आणि त्यावर पेनानं एक खरा पत्ता लिहा, तुमचा सगळ्यात लांब पत्ता असलेला सभासद निवडा, म्हणजे बंगल्याचं नाव, अमक्या शाळेच्या मागे, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन, मोबाइल, सगळं. पाच-सहा ओळी होतात. उजवीकडं वरचा कोपरा तिकिटाला आणि पोस्टाच्या शिक्क्याला सोडायचा, स्पीड पोस्टानं जाणारं असेल तर बारकोडचं स्टिकर कुठंतरी बसणार, त्याची जागा धरायची. एवढं झाल्यावर जी जागा उरते ती तुमच्या ब्रँडिंगची. साधारण डावीकडची एक उभी पट्टी किंवा डावा वरचा कोपरा, शिवाय मागची बाजू आणि फ्लॅप, म्हणजे पाकिटाचं झाकण. लोकांना वाटतं हे फारच कमी झालं, पण नीट वापरलं तर भरपूर आहे, आणि फ्लॅप तर फुकटची जागा, पाकीट उघडताना माणूस तिकडंच बघत असतो, तिथं एकटा लोगो घेतला तरी काम होतं.

पिनकोडच्या सहा चौकोनांना पण लोक हल्ली काट मारतात, म्हणतात जुनाट सरकारी दिसतं. अहो असू दे की. पिनकोड आला 15 ऑगस्ट 1972 ला, आणि तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, आपलेच मराठी माणूस, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि वर संस्कृत कवी. एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले पत्ते, न लागणारी अक्षरं, ह्या सगळ्यावर त्यांनी सहा आकड्यांत उपाय काढला. आमचा सांगलीचा पिन 416416, त्यातला पहिला 4 म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा पट्टा, पहिले तीन आकडे मिळून छाननीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन म्हणजे नेमकं पोस्ट ऑफिस. म्हणजे तुमच्या पाकिटाचा बराचसा प्रवास ह्या सहा आकड्यांवर होतो, आणि डिझाइनर काय करतो तर बरोबर तिथंच फिकट निळ्या लाटा सोडतो. हाताने पत्ते लिहिणारी संस्था असेल तर चौकोन छापाच, क्लार्क पिन लिहायला विसरला तर मोकळे चौकोनच त्याला आठवण करून देतात. प्रिंटरवरून लेबलं काढून चिकटवणार असाल तर नको, तिथं चौकोन उगाच अर्धे झाकले जातात.

हल्ली नवीन प्रकार म्हणजे मोबाइलच्या ॲपमध्ये डिझाइन करून आणतात, त्यात पाकिटाचा असा सुंदर फोटो असतो, संगमरवरी टेबल, बाजूला कॉफीचा मग, काळंभोर पाकीट आणि वर सोनेरी लोगो. त्या फोटोत पत्ता कधीच नसतो बघा! काळ्या पाकिटावर पेन दिसत नाही, पोस्टाचा शिक्का दिसत नाही, मग पांढरं लेबल चिकटवावं लागतं आणि सगळी शान जाते. हातात द्यायचं निमंत्रण असेल, ज्वेलर्सचं गिफ्ट व्हाउचर असेल तर खुशाल काळं करा. ग्लॉसी लॅमिनेशनचं पण तेच, त्यावर बॉलपेन घसरतं आणि रबरी शिक्का वाळतच नाही, बोट लागलं की पुसला. पोस्टानं जाणाऱ्या पाकिटाला बिनचकाकीचा साधा मॅपलिथो नाहीतर बाँड पेपर, 90-100 जीएसएम (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), ह्याच्यापुढं जायची गरज मला तरी दिसत नाही.

पाकीट बनतं कसं हे लेखात आलं असतं तर बरं झालं असतं, कारण डिझाइनचं निम्मं गणित त्यातच आहे. दोन रस्ते आहेत. एक, बाजारातून तयार पाकिटं आणायची आणि त्यावर मिनी ऑफसेटला किंवा स्क्रीन प्रिंटिंगनं छापायचं. स्वस्त पडतं, पाचशे-हजार पण होतात, पण पाकिटाला जिथं जोड असतो तिथं कागदाचे थर जास्त, त्यामुळं तिथं जाडीचा फरक पडतो आणि मोठा भरीव रंगाचा पट्टा घेतला की बरोबर जोडाच्या जागी फिकट-गडद ओरखडा उठतो. शिवाय मशीनला कागद धरायला कडेची थोडी जागा लागते, तिला आम्ही ग्रिपर म्हणतो, तिथं छपाई होत नाही, म्हणजे काठापर्यंत रंग पाहिजे असेल तर हा रस्ता बंद. दुसरा रस्ता म्हणजे आधी सपाट शीटवर छापायचं, मग डाय, म्हणजे पात्यांचा साचा, मारून कापायचं, मग घडी आणि पेस्टिंग. ह्यात काठापर्यंत रंग, आतून छपाई, हवा तसला फ्लॅप, सगळं होतं, फक्त डाय आणि पेस्टिंगचा खर्च असल्यामुळं नग जास्त असतील तरच परवडतं. आणि ह्यात पण एक गोम आहे, जिथं डिंक लागणार ती पट्टी कोरी ठेवावी लागते, शाईवर किंवा वार्निशवर डिंक नीट धरत नाही, मग पोचेपर्यंत पाकीट कडेनं उघडतं आणि बोलणी प्रेसवाल्याला बसतात. घडीच्या रेषेवर बारीक रेघ किंवा रंगाची कड आणू नका, घडी मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडंतिकडं होतेच, कितीही चांगला बाइंडर असला तरी. म्हणून आधी प्रेसवाल्याकडं जा, कुठल्या रस्त्यानं करायचं ते ठरवा, डाय असेल तर त्याची फाइल मागून घ्या, आणि मगच डिझाइनरला कामाला लावा, उलट करू नका.

साइझबद्दल थोडक्यात. ए-फोर कागद तीन भागांत घडी करून जाणार असेल तर डीएल, 110 बाय 220 मिलिमीटर. मधोमध एकच घडी असेल तर सी-फाइव्ह, सपाट जाणार असेल तर सी-फोर. आपल्याकडं दुकानात नऊ बाय चार इंची पाकीट सरसकट मिळतं, त्यात तीन घडीचा ए-फोर जातो पण उंचीला जेमतेम तीन मिलिमीटर सुटतात, दोन-तीन कागद एकत्र घडी केले की कोंबावं लागतं आणि फुलस्केप तर तीन घडीत जातच नाही. काहीतरी हटके चौकोनी साइझ पाहिजे म्हणणारे पण येतात, त्यांना मी विचारतो की शीटमधून किती निघतील आणि किती कागद कापून रद्दीत जाईल त्याचं बिल कोण भरणार.

रंगाचं म्हणाल तर मोबाइल-कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर जो झगझगीत केशरी किंवा पोपटी दिसतो तो फोर कलर छपाईत तसा येत नाही, मळका येतो, त्यात मशीनवाल्याचा काही दोष नाही, त्या चार शायांच्या मिश्रणात तो रंग बसतच नाही. असा रंग तुमची ओळख असेल तर तेवढी एक शाई वेगळी मिसळून घ्या, स्पॉट कलर. पाकिटाला एक किंवा दोन रंग पुरतात हो, आणि खर्च पण वाचतो. आणि ब्राऊन पेपरवर पिवळा लोगो मागू नका, ऑफसेटची शाई पारदर्शक असते, खालचा कागद तिच्यातून दिसतो, पिवळा त्यात गायब होतो. तिथं काळा नाहीतर गडद लाल, आणि पांढराच पाहिजे असेल तर स्क्रीन प्रिंटिंग.

आता देवनागरीचं, कारण ह्यावर लेखात काहीच नव्हतं आणि आपल्या मराठी पेपरात नाही येणार तर कुठं येणार. दुकानाच्या पाट्या मराठीत पाहिजेत म्हणून 2022 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, सुप्रीम कोर्टानं पण 2023 मध्ये व्यापाऱ्यांना मुदत देऊन सांगितलं, पाट्या बदलल्या. पाकिटाला तसा नियम नाही, पण गावाकडच्या पोस्टमनला आणि म्हाताऱ्या सभासदाला वाचता यावं म्हणून तरी पाठवणाऱ्याचं नाव मराठीत घ्यायला काय हरकत आहे. अडचण अशी होते की डिझाइन इंग्रजीत तयार होतं आणि मराठी नाव नंतर खाली बारीक अक्षरात कोंबलं जातं. इंग्रजी सहा-सात पॉइंटात खपून जातं, देवनागरी नाही खपत, वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, तेवढी जागा लागते, ओळीत अंतर जास्त लागतं. त्यातून गडद पट्ट्यावर पांढरी अक्षरं घेतली की अनुस्वार भरून येतो, रफार दिसेनासा होतो, "वर्धमान"चं "वधमान" झालेलं पाकीट मी बघितलंय. म्हणून देवनागरी थोडी मोठी, थोडी जाड आणि शक्यतो पांढऱ्यावर गडद घ्या. फॉन्टची आता चैन आहे, मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेले मुक्ता, बालू असे चांगले युनिकोड फॉन्ट फुकट मिळतात, धंद्याला पण वापरता येतात. फक्त एक करा, फाइल देताना अक्षरं कर्व्हमध्ये बदलून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, पीडीएफ द्या, नाहीतर आमच्याकडच्या जुन्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये उघडली की जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. आणि कर्व्ह करायच्या आधी एकदा मोठ्यानं वाचा, दुसऱ्या कुणालातरी वाचायला लावा. फोन नंबर तर बोट ठेवून वाचा.

काय छापू नये ह्याची पण यादी मोठी आहे. आमच्याकडं वकील मंडळी पाकिटावर वरच ठळक "आर.पी.ए.डी." (पोचपावतीचं रजिस्टर्ड पोस्ट) छापून घ्यायची, दोन-दोन वर्षांचा स्टॉक. 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालं, आता त्या छापील ठळक अक्षरांवर पेननं काट मारत बसलेत. टपालाच्या सेवेचं नाव शिक्क्यानं मारा, छापू नका. जिल्ह्यांची-गावांची नावं बदलली तेव्हा पण हेच झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर, आमच्या शेजारचं इस्लामपूर ईश्वरपूर झालं, आणि ज्यांनी स्वस्त पडतं म्हणून पाच वर्षांची पाकिटं एकदम छापून ठेवली होती त्यांचे गठ्ठे पडून राहिले. नग वाढला की दर उतरतो हे खरंय, प्लेट आणि सेटिंगचा खर्च वाटला जातो म्हणून, पण एका वर्षात संपतील तेवढीच छापा. मी प्रेसवाला असून सांगतोय.

तसंच सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक), जीएसटी नंबर, उद्यम नंबर, आयएसओचा गोल शिक्का, सगळ्या शाखांचे पत्ते, ह्यातलं पाकिटावर काय पाहिजे? कंपनी कायदा 2013 च्या कलम 12 मध्ये नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन, फोन, ईमेल हे सगळं व्यवसायाच्या पत्रांवर, बिलांवर, लेटरपेपरवर, नोटिशीवर छापायला सांगितलंय, त्या यादीत पाकीट काही लिहिलेलं नाही. तुमच्या सीएला विचारून घ्या, पण पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता पिनसकट पाहिजेच पाहिजे, न पोचलेलं पाकीट परत यायला तोच लागतो, आणि लोक नेमका तोच सोडून वेबसाइट छापतात. पोस्टमन वेबसाइटवर नेऊन देणार आहे का पाकीट! क्यूआर कोड घ्यायचा असेल तर मागं घ्या, दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, आणि भोवती पांढरी जागा सोडा.

एक गोष्ट मला मनापासून खटकते ती सांगतो. एका पतसंस्थेनं पाकिटं छापून मागितली होती, समोरच्या बाजूला लाल पट्टी आणि त्यात "थकबाकी वसुली विभाग". मी विचारलं हे कशाला, तर म्हणाले वाचून तरी पैसे भरतील. अहो पण ते वाचणार कोण, कर्जदार तर शेवटी वाचणार, त्याच्या आधी पोस्टमन, किराणा दुकानदार ज्याच्याकडं टपाल ठेवतात तो, वाड्यातली सगळी बिऱ्हाडं. ज्याचे दोन हप्ते थकलेत त्याची पोरगी बघायला पाहुणे यायचे असतील त्याच आठवड्यात ते पाकीट ओट्यावर पडलेलं असेल. तसंच दवाखान्यांचं, रिपोर्टच्या पाकिटावर रोगांची आणि तपासण्यांची भलीमोठी यादी, त्यात नको त्या आजारांची नावं ठळक, पेशंट ते पाकीट एसटीत हातात धरून गावाला जातो आणि शेजारच्या सीटवरचा माणूस ते वाचतो. डिझाइन म्हणजे काय टाकायचं एवढंच थोडी आहे. नाव, पत्ता, लोगो, बास, बाकी आत. आत चेक किंवा पगाराची स्लिप जाणार असेल तर पाकिटाच्या आतल्या बाजूनं बारीक नक्षीची छपाई घ्या, उजेडात धरलं तरी आतलं वाचता येत नाही, आणि त्या नक्षीत तुमचाच लोगो बारीक बारीक करून घेतला तर तो सगळ्यात देखणा ब्रँडिंगचा प्रकार आहे असं माझं मत.

वजनाचं पण जाताजाता सांगतो कारण सप्टेंबर संपायच्या आत वार्षिक सभा घ्यायच्या म्हणून संस्था हजारोंनी नोटिसा पाठवतात. साध्या टपालाला पहिल्या 20 ग्रॅमला पाच रुपये. 80 जीएसएमचा एक ए-फोर बरोबर 5 ग्रॅमचा, 100 जीएसएमचं डीएल पाकीट 6 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पाकीट आणि दोन कागद 16 ग्रॅम, तिसरा कागद घातला की 20 ओलांडले आणि तिकीट डबल. पाकीट भारदस्त वाटावं म्हणून जाड कागद घेताना हा हिशोब कुणी करत नाही, मग पाच हजार सभासदांना गुणलं की सचिवांचा चेहरा बघण्यासारखा होतो. आणि कोकणातल्या, मुंबईतल्या लोकांनी पाणी लावून चिकटवायच्या डिंकाची पाकिटं पावसाळ्याच्या तोंडावर साठवून ठेवू नयेत, दमटपणानं कपाटात पडल्यापडल्या फ्लॅप चिकटतात, तिकडं कागद सोलून चिकटवायची पट्टीवाली घ्या, थोडी महाग पडतात पण टिकतात.

पत्र लांबलंय ह्याची कल्पना आहे. जागेसाठी कापायचं झालं तर रंगाचं, साइझचं, डिंकाचं कापा, ते कुठलाही प्रेसवाला सांगेल, पण देवनागरीचा आणि थकबाकीच्या पाकिटाचा मजकूर तेवढा राहू द्या ही विनंती.

आपला,
एक प्रेसवाला वाचक, सांगली